गावातली अकरावी की तालुक्याचं आयटीआय? पालकांचा हिशोब चुकतोय

दहावीचा निकाल लागला की पारावर एकच विषय. पोराला गावच्या कनिष्ठ महाविद्यालयात घालायचं की तालुक्याला आयटीआयला धाडायचं? बहुतेक घरांत उत्तर आधीच ठरलेलं असतं. मार्क बरे असले तर अकरावी, कमी असले तर आयटीआय.

इथंच घोळ होतो. आयटीआयचा प्रवेशही दहावीच्या गुणांवर आणि ऑनलाइनच होतो. इलेक्ट्रिशियन, फिटर या ट्रेडला एका तुकडीत २० जागा. ‘कुठंच नाही जमलं तर आयटीआय आहेच’ म्हणून उशिरा जाणाऱ्याच्या पदरात उरलेला ट्रेड पडतो. मग पोरगं चार महिन्यांत घरी.

गावातली अकरावी घेणारे येडे आहेत असं नाही. भाड्याचा खर्च वाचतो, पोरगं घरचं जेवतं, सुगीत हाताशी असतं. शिवाय पोलीस शिपाई भरतीला बारावी पास लागते, आणि आपल्याकडं पहाटे रस्त्यावर पळणारी पोरं किती आहेत ते सगळ्यांना माहीत आहे. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय ट्रेड केलेल्याला भाषा विषयांची परीक्षा देऊन बारावीची समकक्षता मिळवता येते. पण ती आपोआप मिळत नाही, त्याचा फॉर्म वेगळा भरावा लागतो. प्रवेश घेतानाच ते विचारून ठेवा.

उलटही बघा. महावितरणच्या विद्युत सहायकाला इलेक्ट्रिशियन किंवा तारतंत्रीचं प्रमाणपत्र लागतं, नुसती बारावी तिथं चालत नाही. आमच्या विहिरीवरची मोटार गेल्या उन्हाळ्यात जळाली. पिकअपमध्ये घालून तालुक्याला नेली, भरून आणेपर्यंत चार दिवस पाणी बंद. गावात बारावी झालेली पोरं ढिगानं, मोटार भरणारा एक नाही.

‘आयटीआय केलं की शिक्षण संपलं’ हीसुद्धा जुनी समजूत. दोन वर्षांच्या ट्रेडनंतर पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश घेता येतो. बारावी सायन्सवाल्यालाही तोच रस्ता आहे. दोघं एकाच वर्गात येऊन बसतात. गणितात मात्र आयटीआयचं पोरगं अडखळतं, ते लपवण्यात अर्थ नाही.

सायन्सचा हट्ट असेल तर प्रात्यक्षिकं खरंच होतात का, ते तिथं शिकणाऱ्या पोरांनाच विचारा. २०२५-२६ पासून अकरावीचा प्रवेशही राज्यभर ऑनलाइन झालाय. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की तिथंच प्रवेश घ्यावा लागतो, म्हणून सेतू केंद्रावाल्यावर सोडून घाईत पसंती भरू नका.

मुलींबाबत तर विचारच होत नाही. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत, म्हणून ‘जवळ आहे ते बरं’. आयटीआयला कोणती सवलत लागू होते ते आगारात जाऊन विचारलेले पालक मला फार थोडे भेटले. सकाळची गाडी संस्थेच्या वेळेआधी पोचते का आणि संध्याकाळची शेवटची कितीला सुटते, हेही तिथंच कळेल.

फॉर्म भरण्याआधी एक दिवस मोडा. पोराला घेऊन अकरा-बाराच्या सुमारास वर्कशॉपमध्ये उभं राहा. लेथ चालू आहे की तिच्यावर कापड टाकलंय, ते बघायला पाच मिनिटं लागतात.