टक्क्यांनी माणूस मोजता येत नाही

इंदोऱ्यात एका घरी गेलो असता तिथल्या ताईंनी आम्हाला विचारले, "भाऊ, माह्या पोराचा एक हात अधू आहे. पण डॉक्टरच व्हाचं म्हणते. त्याले घेतीन का?" बापाचे मत, सायन्सचा खर्च फुकट जाईल. अशी घरे आपल्यात बरीच असतील, म्हणून आम्ही ताईंना जे सांगितले तेच इथे लिहितो.

२०१६ च्या कायद्याने सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा दिव्यांगांसाठी राखल्या. त्यासाठी अपंगत्व किमान ४० टक्के हवे. पण २०२४ साली वैद्यकीय प्रवेशाच्या नियमात वाचादोष ४० टक्के किंवा अधिक असला की विद्यार्थी अपात्र ठरत असे! एका हाताने दार उघडायचे आणि दुसऱ्या हाताने लावायचे, असा तो प्रकार होता.

२०२४ साली महाराष्ट्रातल्या एका विद्यार्थ्याला हाच अनुभव आला. वाचादोष ४४-४५ टक्के निघाला आणि प्रवेश नाकारला गेला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढला. न्यायालयाने दिल्लीच्या मौलाना आझाद वैद्यकीय महाविद्यालयाकडून त्याची पुन्हा तपासणी करवली. हा मुलगा शिकू शकतो, असे तिथल्या डॉक्टरांनी सांगितले आणि त्याला प्रवेश मिळाला. खंडपीठाचे प्रमुख होते न्या. भूषण गवई, जन्माने अमरावतीचे आणि नागपूर खंडपीठात वकिली केलेले. पुढे २०२५ मध्ये ते सरन्यायाधीश झाले.

१५ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात न्यायालय म्हणाले की, केवळ टक्केवारीवरून कुणाला अपात्र ठरवू नये. तो अभ्यासक्रम पुरा करू शकतो का, हे मंडळाने पाहावे आणि नकार दिल्यास कारणे लिहावीत. न्यायालयाने कृत्रिम पायावर नाचणाऱ्या सुधा चंद्रन यांचे उदाहरणही दिले. फेब्रुवारी २०२५ मध्ये दुसऱ्या एका खटल्यात 'दोन्ही हात शाबूत हवेत' या अटीवरही न्यायालयाने कडक ताशेरे ओढले.

म्हणून पालकहो, सरकारी दवाखान्यातून अपंगत्वाचा दाखला वेळेत काढा. मंडळाने नकार दिला तर कारणे लेखी मागा. कारणे पटली नाहीत तर वकिलाला भेटा. न्यायालय दुसऱ्या नामांकित वैद्यकीय संस्थेचे मत मागवू शकते.

मंडळ काय म्हणेल ते पुढे पाहू. पण घरातच नकार देऊ नका. ताई, पोराला सायन्सला घाला.