ग्राफिक डिझायनर नक्की करतो काय?

मंडळी, हल्ली नात्यातलं एखादं मूल ‘मी ग्राफिक डिझाइन करणार’ म्हणालं, की घरातली मोठी माणसं हमखास विचारतात, “म्हणजे नक्की काय करणार? चित्रं काढणार?” प्रश्न रास्तच आहे. पण त्यामागे एक समजूत दडलेली असते, की मजकूर तयार झाल्यावर वर चार फुलंपानं काढायची, एवढंच हे काम. मला ती समजूत साफ चुकीची वाटते.

मी ३४ वर्षं फळ्यावर लिहिलं. काय वर, काय खाली, कशाभोवती चौकट, रंगीत खडू कुठे आणि कोरी जागा कुठे, हे ठरवल्याशिवाय शेवटच्या बाकापर्यंत काही पोहोचत नाही. ग्राफिक डिझायनरही मुळात हेच करतो. वाचणाऱ्याची नजर आधी कुठे जावी, मग कुठे वळावी, हे तो अक्षरांचा आकार, रंग, चित्र आणि मोकळी जागा यांतून ठरवतो.

आपल्याकडेच याची किती सुंदर उदाहरणं आहेत! नाटकांच्या जाहिरातींसाठी कमल शेडगे यांनी रेखाटलेली नावं आठवा. नाटक विनोदी की गंभीर, हे अक्षरांच्या वळणावरूनच कळायचं. २०२० साली ते गेले. संगणकावर आपण वर्षानुवर्षं ज्या ‘मंगल’ अक्षरांत मराठी वाचली, ती कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांची. आणि २०१० साली सरकारने स्वीकारलेलं रुपयाचं चिन्ह डी. उदयकुमार यांचं. देवनागरी ‘र’ आणि रोमन ‘आर’ त्यांनी एकाच आकारात असे बसवले, की लहान मुलालाही ते काढता यावं.

मराठी मजकुराची मांडणी तर आणखी अवघड. ‘मूर्ती’ हा एकच शब्द घ्या. ऊकार खाली लोंबतो, वेलांटी आणि रफार वर चढतात. इंग्रजीसाठी ठरवलेलं दोन ओळींमधलं अंतर इथे तसंच ठेवलं, तर वरच्या ओळीचे ऊकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात. जाणकार डिझायनर तिथे जागा सोडतो. ती सोडलेली जागा कुणाला दिसत नाही, म्हणून तिचं कौतुकही होत नाही.

मला मात्र या कामाचं मोल सर्वांत जास्त कळतं ते गोळ्यांच्या पाकिटापाशी. मुदत संपण्याची तारीख चकचकीत चंदेरी पट्टीवर नुसती उठवलेली असते, ती भिंगाशिवाय दिसत नाही. दोन निरनिराळ्या गोळ्यांची पाकिटं दिसायला सारखीच. रात्री चुकीची गोळी पोटात गेली तर? इथे प्रश्न छान दिसण्याचा राहत नाही, जिवाचा होतो.

आणि तरीही आपण अशा मुलांना सहज सांगतो, “पत्रिकाच तर आहे, दहा मिनिटांत करून दे,” आणि पैशांचा विषयही काढत नाही. वकील भाच्याला आपण असं सांगू का? तेव्हा विचारपूर्वक केलेल्या या कामाचे पैसे द्यावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

असो. घरातलं मूल या वाटेने जायचं म्हणालं, तर त्याला चित्रकलेचे मार्क विचारू नका. आजीचा औषधांचा डबा त्याच्यासमोर ठेवा आणि विचारा, “यात तू काय बदलशील?” ते मूल विचारात पडलं, तर खुशाल जाऊ द्या त्याला.