शितावरून भाताची परीक्षा

शितावरून भाताची परीक्षा करावी, अशी आपल्याकडील जुनी म्हण आहे. नमुना-पाहणीच्या शास्त्राचे सार तिच्यात आले आहे. परंतु ही परीक्षा कितपत भरवशाची, हे मात्र म्हण सांगत नाही. ते सांगण्याचे काम संख्याशास्त्रातील ‘विश्वास-अंतराल’ ही कल्पना करते. संख्याशास्त्राच्या प्राथमिक अभ्यासक्रमातच ती विद्यार्थ्यांच्या हाती पडते. तथापि तिचे सूत्र जितक्यांना पाठ असते, तितक्यांना तिचा अर्थ उमगलेला असतो, असे म्हणणे धाडसाचे होईल.

एखाद्या मोठ्या शहरातील १,००० मतदार यदृच्छया निवडले आणि त्यांपैकी ४०० जणांनी एका पक्षास पसंती दर्शविली, तर साऱ्या शहरातील प्रमाण नेमके ४० टक्केच आहे, असे मानण्यास आधार नाही. दुसरे १,००० मतदार निवडले असते तर ३८ किंवा ४१ टक्केही आले असते. ही अनिश्चितता मोजता येते. हिशेब केला तर ती दोन्ही बाजूंस सुमारे तीन टक्के भरते. म्हणून ३७ ते ४३ हे ९५ टक्क्यांचे विश्वास-अंतराल होय. हा पट्टा निम्मा करावयाचा तर नमुना दुप्पट करून भागत नाही, चौपट करावा लागतो. अचूकता ही अशी महाग वस्तू आहे.

खरी गफलत पुढेच होते. ‘खरे प्रमाण ३७ व ४३ यांच्या दरम्यान असण्याची शक्यता ९५ टक्के’ असा अर्थ सर्रास लावला जातो. तो बरोबर नाही. पोलिश गणिती येर्झी नेमन यांनी १९३४ साली लंडनमध्ये ही कल्पना मांडली आणि १९३७ साली तिला शास्त्रशुद्ध रूप दिले. त्यांच्या विवेचनानुसार ९५ टक्क्यांचा भरवसा आहे तो पद्धतीचा, हाती आलेल्या विशिष्ट आकड्यांचा नव्हे. जत्रेत खुंटीवर कडी टाकण्याचा खेळ असतो. खुंटी स्थिर असते, फेकली जाते ती कडी. शंभर वेळा कडी फेकल्यास सुमारे ९५ वेळा ती खुंटीभोवती पडावी, एवढेच आश्वासन हे शास्त्र देते. एकदा पडलेली कडी मात्र खुंटीभोवती असते किंवा नसते. आणि येथे खुंटी तर दिसतच नाही.

हा शब्दच्छल नव्हे. देशाच्या नमुना नोंदणी पद्धतीतून मातामृत्यूंचे प्रमाण प्रसिद्ध होते. महाराष्ट्रात ते एक लाख जिवंत जन्मांमागे २०१७-१९ या काळात ३८, तर २०१८-२० मध्ये ३३ होते. नमुन्यात सापडणारे असे मृत्यू थोडे असल्याने तीन-तीन वर्षांची माहिती एकत्र करावी लागते, आणि तरीही पट्टा रुंदच राहतो. शिवाय या दोन कालखंडांत दोन वर्षे समाईक आहेत. अहवालात प्रत्येक राज्याच्या आकड्याशेजारी ९५ टक्क्यांचे अंतराल छापलेले असते. परंतु मथळ्यात येतो तो एकच आकडा, आणि त्यावरून राज्यांचे क्रमांक लागतात. प्रश्न मातांच्या प्राणांचा आहे. केवळ योगायोगाने झालेल्या चढउताराला यश समजून स्वस्थ बसणे जितके घातक, तितकेच त्याला अपयश समजून चांगली योजना मोडीत काढणेही घातक.

मात्र अंतराल अरुंद आहे म्हणून निष्कर्ष खरा, असेही नाही. सातारा जिल्ह्यातील बुध येथे १९११ साली जन्मलेले आणि लंडनमध्ये नेमन यांच्या हाताखाली शिकलेले डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी १९४०च्या दशकात हे पीक-कापणीच्या प्रयोगांतून दाखवून दिले. कापणीसाठी फार लहान तुकडे आखले की कडेची रोपे आत धरली जातात आणि उत्पन्नाचा अंदाज फुगतो. असे हजारो तुकडे कापले तरी अंतराल तेवढे अरुंद होईल, चूक जागच्या जागी राहील. विश्वास-अंतराल केवळ योगायोगाने होणारी चूक मोजते; निवडीतील वा मोजणीतील एकांगीपणा त्याच्या कक्षेत येत नाही.

म्हणून शिक्षकांनी सूत्राइतकाच त्याचा अर्थ परीक्षेत विचारावा, कचेऱ्यांनी अंतरालाविना अंदाज पुढे पाठवू नये, आणि वृत्तपत्रांनी शेजारचा रकाना गाळू नये. आकड्यांवर अविश्वास दाखवावा, असा याचा अर्थ नाही. किती विश्वास ठेवावा, हे त्या आकड्यांनाच विचारावे, एवढाच आहे. आणि शीत चाचपण्यापूर्वी भात तळापर्यंत ढवळला होता काय, हेही विचारण्यास विसरू नये.