पिढ्यानपिढ्यांच्या अनुभवाला न दिसणारी इजा

माझं माहेर साताऱ्याचं, सासर बंगालातल्या बजबजचं. इथल्या बाजारात कुलेखाड्याच्या ओल्या जुड्या मिळतात. आपल्याकडे जिच्या बिया तालिमखाना म्हणून विकतात तीच ही वनस्पती. रक्त वाढतं म्हणून घरोघरी तिचा रस पितात. मीही पिते.

औषधाच्या दुकानात मात्र आता पाल्यांचे, मुळ्यांचे ‘एक्स्ट्रॅक्ट’ मिळतात. ढीगभर पाल्याचा अर्क एका कॅप्सूलमध्ये, आणि ती महिनोन्‌महिने घ्यायची. मी शाळेत जीवशास्त्र शिकवत असे, म्हणून शेजारणी विचारतात, “दीदीमणी, काही होणार नाही ना?” दुकानदाराचं उत्तर ठरलेलं असतं: पिढ्यानपिढ्या लोक घेत आलेत. मला ते पुरेसं वाटत नाही.

अनुभवाला उलट्या दिसतात, जुलाब दिसतात, विषबाधा दिसते. पेशीतल्या डीएनएची इजा दिसत नाही. तिच्यातून कर्करोग उद्भवलाच तर तो कित्येक वर्षांनी, आणि तेव्हा जुन्या काढ्याची आठवण कुणाला येणार? बंगालात सर्पदंशावर वापरलं जाणारं ईशेरमूल, म्हणजे आपली ईश्वरी, ॲरिस्टोलोकिया या प्रजातीतली. याच प्रजातीतली एक चिनी वनस्पती ब्रुसेल्समध्ये वजन घटवण्याच्या गोळ्यांत चुकून गेली आणि 1990च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या बायकांची मूत्रपिंडं निकामी झाली. पुढे खबरदारी म्हणून ज्या 39 जणांची मूत्रपिंडं काढली, त्यांतल्या 18 जणांच्या मूत्रमार्गात कर्करोग सापडला. या वनस्पतींतलं ॲरिस्टोलोकिक आम्ल शरीरात बदलून डीएनएला चिकटतं. शतकानुशतकांच्या वापरात ही गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नव्हती.

पेशींवरच्या चाचण्या अशी इजा पकडू शकतात. एम्स चाचणीत जीवाणूंमध्ये उत्परिवर्तन होतं का ते पाहतात; सोबत उंदराच्या यकृताचा अर्क घालतात, कारण काही द्रव्यं यकृतातून गेल्यावरच घातक होतात. मायक्रोन्यूक्लियस चाचणीत माणसाच्या रक्तपेशी वाढवून, गुणसूत्राचे तुटके तुकडे केंद्रकाबाहेर पडलेत का ते मोजतात. कांद्याच्या मुळांच्या टोकांवरही गुणसूत्रांची मोडतोड दिसते. ती मुळं रंगवून मुलांना दाखवायला शाळेतला साधा सूक्ष्मदर्शक मला पुरत असे.

आपला कायदा मात्र द्रावकाकडे बघतो. 2010च्या 158-ब नियमानुसार ग्रंथोक्त वनस्पतीचा पाण्यातला किंवा पाणी-अल्कोहोलमधला अर्क ग्रंथोक्त उपयोगासाठी विकायचा, तर सुरक्षेचा अभ्यास लागत नाही. उत्परिवर्तनाची तपासणी सक्तीची आहे ती इतर द्रावकांतल्या अर्कांना. पाण्यात उतरलेलं द्रव्य डीएनएला निरुपद्रवीच असेल, हे कशावरून?

अशा अर्कांच्याही तपासणीची मागणी केली की आयुर्वेदाचा द्वेष केल्याचा आरोप होतो. आरोप करणाऱ्यांनी कलकत्ता विद्यापीठातल्या अर्चना शर्मांचं काम बघावं. पुण्यात जन्मलेल्या या पेशीशास्त्रज्ञ. 1990 साली त्यांच्या गटाने दाखवलं, की शिसं आणि ॲल्युमिनियम यांनी उंदरांच्या अस्थिमज्जेत होणारी गुणसूत्रांची मोडतोड आवळ्याच्या अर्काने कमी होते. तपासणीला सामोरा गेला म्हणून आवळ्याचं काही बिघडलं नाही, उलट त्याला पुरावा मिळाला.

या चाचण्या म्हणजे अंतिम निकाल नव्हे. कांद्यातलं क्वेर्सेटिन एम्स चाचणीत दोषी ठरतं, म्हणून कुणी कांदा सोडलेला नाही. पेशींत दोष दिसला तर पुढे प्राण्यांवर तपासायचं, मात्रा बघायची. पण पहिली चाळण तरी हवी.

ताजा पाला, घरचा काढा, वैद्याने स्वतः करून दिलेलं चूर्ण यांना यातून खुशाल वगळा. कारखान्यात आटवून बाटलीबंद होणाऱ्या प्रत्येक अर्काला मात्र, द्रावक कोणताही असो, जीवाणूंवरची एक आणि मानवी पेशींवरची एक अशा दोन चाचण्या सक्तीच्या करा आणि निकाल वेष्टनावर छापा. छोट्या उत्पादकांना खर्च झेपत नसेल, तर सरकारी प्रयोगशाळांनी तो उचलावा. गिऱ्हाईक आत्ता भरवशावर पैसे मोजतं. त्याला पुरावा मागण्याचा हक्क आहे.