उभ्या जहाजाचा खर्च

मैत्रिणींनो, आपल्या गोंदियाला समुद्र कुठला? आपल्याकडे तळी, बोड्या आणि पावसाळ्यात फुगणारी वैनगंगा. तरी आज एका जहाजाबद्दल सांगावंसं वाटतंय.

2011 च्या जूनमध्ये ‘विस्डम’ नावाचं जहाज मुंबईच्या जुहू किनाऱ्यावर येऊन रुतलं. भंगारात काढायला अलंगला ओढून नेताना त्याचा दोर तुटला होता. जुलैअखेर ‘पवित’ हे तेलवाहू जहाजही तिथंच आलं. ओमानजवळ खलाशांनी ते सोडलं होतं, महिनाभर ते वाऱ्यावर भरकटत होतं.

अशा जहाजाला किनाऱ्यावर आदळण्याआधी दोर बांधून खोल पाण्यात ओढणारं दणकट जहाज असतं. पावसाळ्यात ते इंजिन आणि माणसांसह नुसतं सज्ज उभं ठेवतात. मे 2021 मध्ये ‘तौक्ते’ वादळात ‘गॅल कन्स्ट्रक्टर’ हा 137 माणसांचा तराफा भरकटला, तेव्हा असंच ‘वॉटर लिली’ मदतीला धाडलं. हेलिकॉप्टरही गेली. सगळे वाचले.

आमच्या बचत गटात हे सांगितलं, तर एक काकू म्हणाल्या, “काम नसलं तरी पैसे द्यायचे? हे कायचं जी?” मला हसू आलं. कारण अडल्यानडल्या बाळंतपणासाठी गटात वेगळी रक्कम ठेवायचं ठरलं, तेव्हाही “पैसा नुसता पडून राहील” असंच ऐकलं होतं. पुढे एका मध्यरात्री त्याच पैशानं गाडी ठरली.

ब्रिटननं 2010 मध्ये खर्च वाचवायला आपली अशी चारही जहाजं काढायचं ठरवलं. शेवटी स्कॉटलंडसाठी एक ठेवावंच लागलं!

घरात आपण काय करतो? पाहुणा येवो न येवो, डब्यात मूठभर तांदूळ जास्त ठेवतोच. त्याला कुणी उधळपट्टी म्हणत नाही.

ऑगस्ट 2020 चा वैनगंगेचा पूर आपण विसरलो नाही. म्हणून 1 मेच्या ग्रामसभेत आपणच उठून विचारू या. गावाजवळ नाव आहे का? दोर, लाइफ जॅकेट धड आहेत का? रात्री नाव चालवणारा कोण? “वापरच होत नाही” असं उत्तर आलं, तर सांगायचं, देव करो आणि न होवो. पण पाणी दारात आल्यावर दोर शोधायचा नसतो!