रक्ताचा दोष आणि समाजाचा दोष

सिकलसेल हें नांव आतां आपल्या राज्यांत, विशेषतः विदर्भांतील व नंदुरबारकडील वाचकांस, अपरिचित राहिलेलें नाहीं. सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर तें लिहिलेलें असतें; रक्त तपासणारीं पथकें शाळाशाळांतून येतात. परंतु एखादा शब्द कानावरून जाणें निराळें आणि त्याचा अर्थ मनांत ठसणें निराळें. ह्या रोगाविषयीं लोकांत जितकें भय आहे तितकें ज्ञान नाहीं, आणि जेथें ज्ञानावांचून भय असतें तेथें लपवाछपवी ही यावयाचीच. म्हणून वार्षिक अंकाच्या निमित्तानें आम्ही ह्या विषयासंबंधीं आमचें मत विद्यार्थी व पालक यांच्यापुढें मांडीत आहों. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, रक्ताची तपासणी झालीच पाहिजे. परंतु तिच्या मागोमाग कलंक येतां कामा नये. कलंक आला कीं तपासणी फुकट जाते. ह्याचे दाखले जगाच्या निरनिराळ्या भागांतून मिळतात.

प्रथम रोगाचें स्वरूप पाहूं. आपल्या रक्तांतील तांबड्या पेशी वाटोळ्या व लवचिक असतात, आणि केसाहून बारीक अशा वाहिन्यांतून त्या सहज वाहतात. त्यांच्यांत हिमोग्लोबिन नांवाचें द्रव्य असतें. तें प्राणवायु वाहून नेतें. सिकलसेलच्या रोग्यांत ह्या द्रव्याच्या घडणींत जन्मतःच एक लहानसा फरक असतो. त्याच्या एका साखळींत १४६ घटक आहेत. त्यांपैकीं सहाव्या ठिकाणचा तेवढा एक बदललेला असतो. एवढ्यानें प्राणवायु कमी पडतांच पेशी विळ्यासारखी वांकडी व ताठ होते. अशा पेशी एकमेकींत अडकून वाहिनीचा मार्ग कोंडतात, आणि मग हाडांत, छातींत, पोटांत असह्य कळा उठतात. निरोगी पेशी सुमारें १२० दिवस टिकते, ही दहावीस दिवसांतच नाश पावते. म्हणून रोग्याच्या अंगीं रक्त नेहमीं कमी, आणि डोळे पुष्कळदां पिवळट.

आई व वडील ह्या दोघांकडूनही हा दोष आला तर मूल रोगी होतें. एकाकडूनच आला, आणि दुसऱ्याकडून निर्दोष वांटा मिळाला, तर तें केवळ वाहक होतें. वाहक म्हणजे रोगी नव्हे. तो शेतांत राबतो, मैदानावर खेळतो, चारचौघांप्रमाणें म्हातारा होतो. मात्र दोन वाहकांचा विवाह झाल्यास प्रत्येक अपत्याच्या वेळीं चारांत एक संभव रोगाचा, दोन वाहकत्वाचे आणि एक पूर्ण निर्दोषत्वाचा असतो. हा हिशेब दर गरोदरपणीं नव्यानें मांडावयाचा असतो. पहिलें मूल रोगी निघालें म्हणून पुढचीं तीन सुटलीं, असें समजणें चुकीचें आहे.

हा अमक्या जातीचा किंवा तमक्या वर्णाचा रोग, असें म्हणण्याची खोड सर्वत्र आहे. आपल्याकडे तो आदिवासींचा म्हणतात, अमेरिकेंत काळ्या लोकांचा म्हणत. दोन्ही म्हणणीं अपुरीं आहेत. ॲन्थनी ॲलिसन यांनीं १९५४ सालीं पूर्व आफ्रिकेंतील निरीक्षणांवरून दाखविलें कीं, वाहकांस हिंवतापाच्या अतिघातक प्रकारापासून बरेंच संरक्षण मिळतें. अर्थात् जेथें पिढ्यान्‌पिढ्या हिंवतापाचें थैमान होतें तेथें वाहक अधिक जगले, आणि त्यांजबरोबर हा दोषही टिकला. म्हणूनच तो आफ्रिकेंत आहे तसा अरबस्तानांत, सिसिलींत आणि ग्रीसमध्येंही आहे. भारतांत त्याचा शोध १९५२ सालीं नीलगिरीच्या डोंगरांतील आदिवासींत लागला; मध्य भारतांत तो आदिवासींप्रमाणें इतर समाजांतही आढळतो. तेव्हां ज्याचें रक्त असें आहे त्याच्या पूर्वजांनीं कांहीं पाप केलें नाहीं. ते हिंवतापाच्या तोंडून वांचले, एवढेंच.

पाश्चात्य वैद्यकास हा रोग १९१० सालीं ठाऊक झाला. वॉल्टर नोएल नांवाचा तरुण ग्रेनाडा बेटांतून शिकागो येथें दंतवैद्यक शिकण्यास आला होता. त्याच्या रक्तांत दिसलेल्या विळ्याच्या आकाराच्या पेशींचें वर्णन डॉ. जेम्स हेरिक यांनीं त्या सालीं प्रसिद्ध केलें. आजाराशीं झगडतच नोएलनें शिक्षण पुरें केलें, मायदेशीं परतून दांतांचा दवाखाना चालविला, आणि १९१६ सालीं तरुण वयांतच तो वारला. परंतु पश्चिम आफ्रिकेंतील लोकांस ही व्यथा फार पूर्वींपासून परिचित होती. घानामधील गा भाषेंत तिला 'च्वेच्वेच्वे' म्हणतात. पुनःपुन्हां उठणारी कळ त्या उच्चारांतच ऐकूं येते. नायजेरियांतील योरुबा लोक जन्मून लवकर मरणाऱ्या मुलांस 'अबिकू' म्हणत, आणि तेंच मूल आईस छळण्याकरितां पुनःपुन्हां जन्मास येतें असें मानीत. अशांपैकीं पुष्कळ मुलांस सिकलसेलच असावा, असा विद्वानांचा तर्क आहे. मूल गेल्याचें दुःख आईच्या वांट्यास होतेंच. त्यावर दोषाचें ओझेंही तिच्याच डोक्यावर आलें.

आजही जगांत दरवर्षीं ह्या रोगाचीं तीन लाखांहून अधिक बालकें जन्मास येतात. त्यांतील बहुसंख्य सहाराच्या दक्षिणेस, आणि सर्वांत अधिक नायजेरियांत. जेथें वेळेवर तपासणी व उपचार नाहींत, तेथें त्यांतील निम्म्याहून अधिक बालकें पांच वर्षांच्या आंतच दगावतात असा अंदाज आहे. उलट अमेरिकेंत व इंग्लंडांत प्रत्येक नवजात बालकाचें रक्त तपासतात, आणि तेथें ह्या रोगाचीं बहुतेक मुलें वाढून कर्तीं होतात. रक्त तेंच, रोग तोच. आयुष्य मात्र जन्मस्थानावर ठरतें.

हा सर्व पैशाचाच खेळ आहे, असें कोणी म्हणेल. तें संपूर्ण खरें नाहीं. जमेका हें श्रीमंत राष्ट्र नव्हे. तेथें १९७३ सालापासून किंग्स्टन शहरांतील एका लाख नवजात बालकांचें रक्त तपासण्यांत आलें, आणि रोगी मुलांवर वर्षानुवर्षें लक्ष ठेवण्यांत आलें. त्यांतून असें कळलें कीं, लहानपणीं पुष्कळ मुलें पाणथरींत एकाएकीं रक्त सांठल्यानें दगावतात. मग तेथील डॉक्टरांनीं मातांस पोटाच्या डाव्या बाजूस हात लावून पाणथरी चांचपावयास शिकविलें, आणि ती फुगतांच मुलास दवाखान्यांत आणण्यास सांगितलें. ह्या साध्या शिक्षणानें अनेक जीव वांचले. १९८६ सालीं अमेरिकेंत सिद्ध झालें कीं, लहान मुलांस नित्य पेनिसिलिन दिल्यानें एका जीवघेण्या संसर्गाचें प्रमाण ८४ टक्क्यांनीं घटतें. हायड्रॉक्सियुरिया हें औषध नित्य घेतल्यानें कळा कमी होतात. अंगोला, कांगो, केनिया व युगांडा ह्या देशांतील मुलांसही तें उपकारक ठरलें. २०२३ सालीं इंग्लंड व अमेरिकेंत ह्या रोगावर एक नवा उपचार मान्य झाला. अमेरिकेंत त्याची किंमत बावीस लाख डॉलर सांगितली गेली! तो आपल्या खेड्यांत येईल तेव्हां येवो. पेनिसिलिन, हायड्रॉक्सियुरिया आणि शहाणी आई हीं तर आजही आपल्या आटोक्यांत आहेत.

परंतु नुसती तपासणी करून भागत नाहीं, हें ग्रीसमधील ऑर्कोमेनॉस ह्या गांवानें जगास शिकविलें. तेथें वाहकांची संख्या मोठी. गांवकऱ्यांचें रक्त तपासून प्रत्येकास त्याची स्थिति सांगण्यांत आली, हेतु हा कीं वाहकांनीं वाहकांशीं विवाह टाळावा. ह्या प्रयोगाची हकीकत १९७४ सालीं प्रसिद्ध झाली, आणि ती वाचण्यासारखी आहे. लग्न जमवितांना वाहकांस कमी लेखूं लागले; कित्येकांनीं आपली स्थिति लपविली; आणि वाहकावाहकांचे विवाह होते तितकेच होत राहिले. सुमारें त्याच सुमारास अमेरिकेंतील कांहीं संस्थानांनीं सक्तीचे कायदे केले. तेथें धडधाकट वाहकांस रोगी समजून नोकरी व विमा नाकारण्यांत आला. तेथील हवाई दलाच्या प्रबोधिनीचे दरवाजे तर वाहकांस १९८१ पर्यंत बंद होते. लोकांस जें दाखवावयाची लाज वाटते तें ते लपवितात, हा मनुष्यस्वभाव ग्रीसमध्यें एक आणि गडचिरोलींत दुसरा असा नसतो.

आपल्या सरकारनें १ जुलै २०२३ रोजीं मध्य प्रदेशांतील शहडोल येथून राष्ट्रीय मोहीम सुरू केली. सतरा राज्यांतील सात कोटि लोकांची तपासणी आणि २०४७ सालापर्यंत रोगाचें निर्मूलन, असा तिचा संकल्प आहे. विवाहापूर्वीं उभयतांचीं कार्डें ताडून पाहावीं, असाही उपदेश केला जातो. तो आम्हांस मान्य आहे. परंतु आपल्याकडील रीत अशी कीं, मुलगा वाहक निघाला तर तें घरांतच राहतें, आणि मुलगी वाहक निघाली तर सोयरीक मोडून गांवभर बोभाटा होतो. रोगी मूल जन्मलें तर बोल सुनेस. वास्तविक अर्धा वांटा पित्याचा असल्यावांचून हा रोग होतच नाहीं! लाज नाहींशी केली तर लोक बेफिकीर होतील, अशी शंका कोणी घेतील. आमच्या मतें उलट घडेल. ज्याला अपमानाचें भय नाहीं तोच आपलें कार्ड उघडपणें पुढें ठेवील. आणि वाहकानें निर्दोष जोडीदार पाहिला तर त्याच्या एकाही अपत्यास हा रोग होणार नाहीं.

आतां शाळेविषयीं. ज्या मुलास सिकलसेल आहे त्याची वेदना बाहेरून दिसत नाहीं. सूज नाहीं, जखम नाहीं. म्हणून तो ढोंग करतो असें म्हणण्याचा मोह होतो. हा मोह मोठमोठ्या रुग्णालयांसही सुटत नाहीं. इंग्लंडांत पार्लमेंटच्या सभासदांच्या एका मंडळानें २०२१ सालीं चौकशी केली, तेव्हां रोग्यांची वेदना खरी मानली जात नाहीं ही तक्रार ठळकपणें पुढें आली. मग शिक्षकांनीं व सोबत्यांनीं किती जपावयास हवें! अशा मुलास पाणी वारंवार प्यावें लागतें आणि लघवीसही वारंवार जावें लागतें. त्यास वर्गांत अडवूं नये. थंडींत त्यास उबेची गरज असते. भर उन्हांत पळण्याची सक्ती त्याजवर करूं नये, तसेंच खेळांतून त्यास सर्वस्वी वगळूंही नये. तो वयाच्या मानानें लहान दिसतो, डोळे पिवळे असतात, म्हणून कोणी नांवें ठेवूं नयेत. गैरहजेरींत बुडालेला धडा सोबत्यानें त्याच्या घरीं पोंचवावा. वर्गानें त्याचें नांव चर्चेंत पोंचवूं नये.

पालकांस आमची विनंती एवढीच. मुलांचें रक्त तपासून घ्या, आणि निकाल दडवूं नका. रोगी मुलास ताप आला तर सकाळची वाट पाहूं नका. त्याच दिवशीं दवाखाना गांठा. औषध सुरू असेल तर बरें वाटतें म्हणून तें सोडूं नका. आणि शेजाऱ्याच्या मुलीचें कार्ड कोणत्या रंगाचें, ह्याची चौकशी विहिरीवर करण्यापूर्वीं आपल्या घरच्या मुलाचें कार्ड काढलें आहे कीं नाहीं, तें आधीं पाहा. रक्तांतील दोष काढणें डॉक्टरांस अजून फार कठीण आहे. बोलण्यांतील दोष काढणें आपल्या हातीं आहे, आणि त्यास एक पैही पडत नाहीं.