मसाला खाणाऱ्याची काळजी, बनवणाऱ्याचं काय?

मी पिंपळगाव रेणुकाईचा. आमचं गाव मिरचीच्या बाजारासाठी ओळखलं जातं, त्यामुळे मसाल्याच्या बातमीकडे माझं लक्ष आधी जातं. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँगने दोन भारतीय ब्रँडच्या काही मसाल्यांत इथिलिन ऑक्साइड सापडल्याचं जाहीर केलं. हा गॅस कोरड्या मसाल्यातले जंतू मारायला वापरतात, दवाखान्यातल्या सिरिंजही त्याने निर्जंतुक करतात. माणसाला कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या जागतिक यादीत तो १९९४ पासून आहे. त्या वेळी जो तो बोलला तो खाणाऱ्याबद्दल. गॅसच्या चेंबरचं दार रोज उघडणाऱ्या कामगाराचं काय?

कारखान्यातली हवा मोजतात, ठीक आहे. पण मीटर भिंतीवर आणि माणूस दारात! खरा हिशोब रक्त ठेवतं. घरी कुणाला शुगर असेल तर 'तीन महिन्यांची साखर' ही टेस्ट तुम्हाला माहीत असेल. त्यात हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजतात. इथिलिन ऑक्साइडही तसाच हिमोग्लोबिनला चिकटतो. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणजे एका नमुन्यात मागच्या चार महिन्यांचा अंदाज मिळतो. १९७० च्या दशकात स्वीडनच्या लार्स एरेनबर्ग यांच्या गटाने ही पद्धत उभी केली. तिथेच १९९७ मध्ये हालांदसोस बोगद्यात पाण्याची गळती बुजवायला अ‍ॅक्रिलामाइडचं ग्राउटिंग झालं, तेव्हा कुणाच्या अंगात किती गेलं हे कामगारांच्या रक्तातूनच कळलं.

टेस्ट महाग आहे, गल्लीतल्या लॅबमध्ये होत नाही. सिगारेट ओढणाऱ्याचाही आकडा वाढतो. आणि कॅन्सर होणार की नाही हे ती सांगत नाही, अंगात किती गेलं एवढंच सांगते. तरी मला ती हवी वाटते. भोपाळनंतर १९८७ साली फॅक्टरी अ‍ॅक्टमध्ये धोकादायक कामावरच्या माणसांची वर्षाला तपासणी आली. पण नुसतं बीपी आणि एक्स-रे काढून या गॅसचा पत्ता लागत नाही.

मात्र एक अट. आकडा वाढला म्हणून कामगारालाच घरी बसवलं, तर पुढच्या वेळी रक्त द्यायला कोण हात पुढे करेल? आकडा वाढला तर दाराचं सील तपासा, एक्झॉस्ट तपासा. आणि रिपोर्ट आधी कामगाराच्या हातात द्या, रक्त त्याचं आहे.

उद्या असे प्लांट आपल्यापैकीच कुणाच्या तरी हाताखाली येणार आहेत. तेव्हा प्रॉडक्शनच्या आकड्याशेजारी हाही आकडा मागाल ना?